पाव थेंबाची करामत

घाट चढणाऱ्या एखाद्या जुन्या ट्रकच्या मागे तुमची एस.टी. कधी अडकली आहे का? ट्रकचे इंजिन घरघरत असते आणि मागच्या नळीतून काळ्या धुराचे लोट निघत असतात. हा काळा धूर म्हणजे नीट न जळालेल्या डिझेलची काजळी. डिझेलसाठी मोजलेले पैसे तर त्यातून वाया जातातच, शिवाय ती काजळी तुमच्या-आमच्या फुप्फुसांत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींत केली आहे. मग हे डिझेल पुरते का बरे जळत नाही? याचे उत्तर इंजिनात डिझेल कसे शिरते, यात दडलेले आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये प्रथम नुसती हवा घेतात आणि दट्ट्या ती दाबून सुमारे सोळा ते वीस पट लहान जागेत कोंबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप कसा गरम होतो ते तुम्ही अनुभवलेच असेल. इथे तर हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. अशा तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेट घेते.

आता थोडे गणित करू या. एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि एका लिटरमध्ये २० किलोमीटर जाते आहे. म्हणजे तासाला ३ लिटर, मिनिटाला ५० मिलिलिटर डिझेल लागले. इंजिन चार सिलिंडरचे असून मिनिटाला २००० फेरे घेते आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा फवारा उडतो. म्हणजे मिनिटाला एकूण ४००० फवारे. भागाकार करून पाहा. एका फवाऱ्याच्या वाट्याला ०.०१२५ मिलिलिटर डिझेल येते. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर हा झाला पाव थेंब! आणि तो उडवायला वेळ किती? सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग. एवढ्यात तो मोजायचा, फवारायचा आणि हवेत मिसळायचा.

पण फवारायचाच कशासाठी? सरळ ओतला तर नाही का चालणार? चुलीत लाकडाचा ओंडका सावकाश पेटतो, त्याच्याच ढलप्या मात्र झटकन पेटतात. कारण ढलप्यांना हवेचा स्पर्श अधिक. थेंबाचेही तसेच आहे. दोन मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे ०.०२ मिलिमीटर व्यासाचे तुषार केले, तर ते दहा लाख होतात आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग शंभर पट वाढतो. तुषार जितके बारीक, तितके ज्वलन पुरते आणि काजळी कमी.

हे काम किती अवघड आहे, याचा अनुभव खुद्द रुडॉल्फ डिझेलला आला. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे १८९७ साली त्याच्या इंजिनाची चाचणी झाली. त्याने इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामात आणली. त्या काळची वाफेची इंजिने याच्या जवळपासही पोचत नव्हती. पण इंधन फवारण्यासाठी डिझेलला जोरदार दाबाची हवा वापरावी लागे. त्यासाठी इंजिनाला एक अवजड कॉम्प्रेसर जोडावा लागे आणि इंजिनाची बरीच शक्ती तो कॉम्प्रेसरच खाऊन टाकी. असे धूड कारखान्यात किंवा जहाजात चालेल, पण मोटारीत कसे बसणार? १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रुडॉल्फ डिझेल नाहीसा झाला. आपल्या नावाचे इंजिन घराघरांसमोर उभे राहिलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

हा अडथळा दूर केला तो छोट्या पंपाने. रॉबर्ट बॉश याच्या श्टुटगार्टच्या कारखान्यात १९२७ साली असे पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. यात हवेची गरजच नव्हती. डिझेललाच दाबून बारीक छिद्रांच्या नोझलमधून उडवायचे. पंपातील दट्ट्यावर एक तिरकी खाच असते. दट्ट्या थोडा फिरवला की ती खाच लवकर किंवा उशिरा उघडते आणि डिझेल कमी-जास्त जाते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा अशा पंपात हेच घडते. दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांतील फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढीच. तुमच्या डोक्यावरचा केस याहून कितीतरी जाड! म्हणूनच ही जोडी एकमेकींसाठीच घासून बनवतात आणि डिझेलमधील धुळीचा बारीक कणही तिला ओरखडे पाडू शकतो.

या पंपात एक उणीव मात्र राहिली. तो इंजिनाच्याच वेगावर चालतो. इंजिन मंद झाले की दाब घटतो, तुषार जाड होतात आणि काजळी वाढते. यावर उपाय निघाला, तो सामायिक नळीचा. यालाच 'कॉमन रेल' म्हणतात. एक पंप एका जाड नळीत सतत प्रचंड दाबाने डिझेल भरून ठेवतो आणि प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर संगणकाच्या हुकमाने उघडतो-मिटतो. १९९७ साली अशा मोटारी बाजारात आल्या तेव्हा हा दाब १३५० बार होता. पुढे तो २००० बारच्याही पलीकडे गेला. २००० बार म्हणजे जगातल्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी असतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट दाब! शिवाय एकाच वेळी सारे डिझेल न सोडता आधी एक चिमूटभर फवारा सोडता येऊ लागला. तो पेटला की मुख्य फवारा शांतपणे जळतो आणि डिझेल गाडीची ती ओळखीची खडखड कमी होते.

म्हणजे प्रश्न संपला का? नाही. ज्वलन फार तापले की हवेतील नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याची विषारी ऑक्साइडे बनतात. ताप कमी करावा तर काजळी वाढते. या ओढाताणीमुळेच धुराच्या नळीत गाळण्या आणि रासायनिक शुद्धीची साधने बसवावी लागली. भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना 'भारत स्टेज सहा' हे कडक नियम लागू झाले, त्यात अशा साधनांचा वाटा मोठा आहे.

शेवटी एक प्रयोग. सुई नसलेली एक स्वच्छ, नवी सिरिंज घ्या. आत हवा ठेवून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो आत जाईल. आता तिच्यात काठोकाठ पाणी भरून, बुडबुडा राहू न देता, पुन्हा दाबा. दट्ट्या हलणार नाही! टाकीतले डिझेल संपून गाडी बंद पडली, तर नुसते डिझेल भरून ती बहुधा सुरू का होत नाही आणि मिस्त्री आधी नळीतली 'हवा का काढतो', हे आता तुम्हीच सांगा पाहू!