शिवडीच्या पाण्याचा भाव कोण ठरवतो?

गेल्या सीझनला आमचे फिकट रंगाचे दोन ताके दुपट्टे गिऱ्हाईकाने परत पाठवले. कपड्यावर पिवळट डाग होते आणि शेड एकसारखी नव्हती. कारीगर जुना आणि हाताचा पक्का आहे. त्याची चूक नव्हती. चूक पाण्याची होती. नळाला आठवडाभर नीट पाणी आले नाही, म्हणून त्याने बोअरचे पाणी टँकरने मागवले. शिवडी खाडीकाठी आहे. इथले जमिनीतले पाणी जड आणि खारट असते, काही ठिकाणी त्यात लोखंडही असते. अशा पाण्यात रंग नीट बसत नाही आणि धुलाई कितीही केली तरी डाग जात नाहीत. नुकसान अर्धे त्याने सोसले, अर्धे आम्ही.

तेव्हापासून आम्ही पाण्याचा हिशेब मांडायला लागलो. व्यापारी माणसाने तो एकदा तरी मांडावा.

शिवडीच्या दक्षिणेला, रे रोडजवळ, कौला बंदर नावाची वस्ती आहे. जमीन पोर्ट ऑथॉरिटीची (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची), म्हणजे केंद्र सरकारची. तिथल्या पाण्याचा अभ्यास 'पुकार' संस्था आणि डॉक्टर मंडळींनी मिळून केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी महापालिकेचा दर हजार लिटरला सव्वादोन रुपये होता. कौला बंदरचे रहिवासी याच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होते. गुणाकार करून पाहा. हजार लिटरला ११७ रुपयांपासून ४६३ रुपयांपर्यंत! वस्तीत तेव्हा महापालिकेचे कनेक्शन नव्हते, म्हणून काही जण मोटार लावून मोठ्या लाईनीतून पाणी ओढत आणि लांबलचक पाइपाने घरोघर विकत. छापा पडून मोटारी गेल्या की वस्ती कोरडी. आपल्या धंद्यात असा भाव कोणी लावला तर बाजार त्याला उभा करणार नाही. पाण्याला मात्र दुसरा दुकानदार नसतो.

आता हे असे का? लोक म्हणतात, तलावात पाणी कमी. ते खरे आहे, पण अर्धेच. १९९४ मध्ये डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने मुंबईसाठी पुढची धरणे कोणती ते सांगून ठेवले होते. मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ ही त्यातली नावे. मध्य वैतरणाचे पाणी शहराला मिळेपर्यंत २०१४ साल उजाडले. गारगाई आणि पिंजाळची कामे अजून कागदावरून धरणापर्यंत पोहोचायची आहेत. त्यांच्या वाटेत पालघर जिल्ह्यातले जंगल आणि आदिवासींची गावे आहेत. आमचा नळ वाहावा म्हणून त्यांची घरे बुडावीत असे आम्ही म्हणणार नाही. पण फाईल हलत नाही तोवर इकडे मागणी वाढतच असते. शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर मिळते आणि गरज त्याहून कितीतरी जास्त आहे.

दुसरी अडचण पाणी आणण्याची. जुन्या लाईनी गळतात, दाब कमी पडतो. यावर उपाय म्हणून महापालिकेने चेंबूरच्या अमर महालपासून वडाळ्याच्या प्रतीक्षा नगरमार्गे परळपर्यंत सुमारे ९.७ किलोमीटरचा बोगदा जमिनीखाली खोल खडकातून खोदायला घेतला. शिवडी, परळ, वडाळा, भायखळा आणि कुर्ल्याच्या भागाला त्याचा फायदा व्हायचा आहे. एवढ्या खोल बोगद्यातून गळती आणि चोरी होत नाही, आणि पाण्याचा दाब टिकतो. खोदकाम झाले आणि पुढच्या कामासाठी एप्रिल २०२६ ची मुदत सांगण्यात आली होती. काम चांगले आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण बोगदा परळला संपतो. तिथून गल्लीपर्यंतची लाईन आणि गल्लीपासून घरापर्यंतचा नळ, ही वेगळी गोष्ट आहे.

आमच्या मते खरी गाठ याच ठिकाणी आहे. महापालिका पाणी देते, जमीन दुसऱ्याची आहे. वर्षानुवर्षे उत्तर तेच, आधी जमीनमालकाचा ना-हरकत दाखला आणा. ज्याच्या झोपडीला मालक मान्यताच देत नाही, त्याला दाखला कोण देणार? डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या अर्जावर मुंबई हायकोर्टाने सांगितले की, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे एवढ्यावरून ते नाकारता येत नाही. त्याचबरोबर हेही सांगितले की, पाणी मिळाले म्हणून झोपडी अधिकृत होत नाही आणि दर जास्त लावता येईल. मे २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणले. निकाल २०१४ चा आणि धोरण २०२२ चे. मधल्या सात-आठ वर्षांत पाणी विकणाऱ्याने किती कमावले, हे विचारायलाही कोणी नाही. याच शिवडीतून निघणारा २१.८ किलोमीटरचा सागरी पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पैसा आणि इच्छा असली की समुद्रही आड येत नाही.

उशिराची किंमत पैशातच नाही, आजारातही मोजावी लागते. पाणी थोडा वेळ येते आणि बंद होते, तेव्हा लाईनीतला दाब पडतो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. कौला बंदरच्या त्याच अभ्यासात पावसाळ्यात भरण्याच्या जागीच निम्मे नमुने दूषित निघाले. इतर ऋतूंत तिथे पाणी चांगले होते, पण घरातल्या पिंपात साठवल्यावर बिघडत होते. मुलाला जुलाब झाले की कारीगराची मजुरी बुडते, आणि आपला माल अडकतो.

आमच्या बांधवांनी काय करावे? पहिले, कनेक्शन नसेल तर एकट्याने दलालाकडे जाऊ नका. गल्लीतल्या घरांनी आणि गाळ्यांनी मिळून परळच्या एफ दक्षिण वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा, आवक नंबर घ्यावा, झेरॉक्स जपून ठेवावी. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. निकालाची प्रत कोणातरी वकिलाकडून मिळवून सोबत लावली तर समोरचा माणूस जरा सावध होऊन बोलतो, असा आमचा अनुभव आहे.

ज्यांच्याकडे नळ आहे त्यांनी टाकी पावसाळ्याआधी आणि नंतर धुऊन घ्यावी. पिंपाला झाकण ठेवावे आणि पाणी दांड्याच्या भांड्याने काढावे, हात बुडवू नये.

रंगाचे काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. टँकरचे पाणी घ्यावेच लागले तर आधी एक बाटली भरून, झाकण उघडे ठेवून, रात्रभर राहू द्या. सकाळी पाणी पिवळसर झाले किंवा तळाला तांबूस गाळ बसला तर ते फिकट शेडला वापरू नका, गडद मालाला ठेवा. आम्ही ही परीक्षा दोन ताके गमावल्यावर शिकलो.