तारेवांचून हिरवळ कापणारें यंत्र

अंगणाची शोभा आपल्याकडे परंपरेनें सडासंमार्जनानें व रांगोळीनें राखिली जात असे. हिरवळीची हौस ही साहेबाच्या बंगल्याबरोबर आली. आज ठाण्यांत घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहतींत, कल्याणास खडकपाड्याकडे आणि डोंबिवलीस मिलापनगरच्या बंगल्यांपुढें हिरवळीचे लहानमोठे तुकडे दिसतात. हिरवळ आली, तेव्हां ती कापावयाची कोणीं हा प्रश्नही आला. त्यास उत्तर म्हणून, कडेनें तार न पुरतां आपोआप फिरून गवत कापणारें यंत्र परदेशांत प्रचारांत आलें आहे. तें आपल्या घरीं बसवावें कीं नाहीं, व बसविल्यास कसें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

यंत्राची कुळकथा थोडक्यांत अशी. इंग्लंडांतील स्ट्राउड गांवच्या एडविन बडिंग यानें १८३० सालीं गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. लोकरी कापडावरची लव कातरणारें गिरणींतील यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली. पुढें १९९५ सालीं स्वीडनच्या हस्क्वार्ना कंपनीनें सूर्यप्रकाशावर आपोआप चालणारें यंत्र बाजारांत आणिलें. अशा यंत्रांना आपली सीमा कळावी म्हणून हिरवळीच्या कडेनें बारीक तार पुरीत. तींतून सौम्य वीजप्रवाह सोडला कीं तिच्या भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होई आणि यंत्र तेथून माघारें फिरे. उपाय साधा व भरंवशाचा. पण माळ्याचें खुरपें एकदां तारेवर पडलें कीं काम बंद, आणि तुटलें कोठें हें शोधण्यांत सारा दिवस जावयाचा.

तार गेली, तेव्हां यंत्रास आपलें ठिकाण दुसऱ्या साधनानें ओळखावें लागतें. त्यांतलें मुख्य साधन म्हणजे उपग्रह. सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश पोंचण्यास किती वेळ लागला, यावरून त्यांचें अंतर काढतां येतें. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले म्हणजे जागा ठरते. पण वातावरणादि कारणांमुळें या मापांत कांहीं मीटरांची चूक राहते, आणि कांहीं मीटर म्हणजे शेजाऱ्याची बाग! म्हणून घराच्या गच्चीवर किंवा खांबावर एक स्थिर ग्राहक बसवितात. घरांतील घड्याळ पांच मिनिटें पुढें आहे हें ठाऊक असलें म्हणजे त्यावरूनही लोकल बिनचूक गांठतां येते, तसाच हा प्रकार आहे. ग्राहक जागचा हलत नसल्यामुळें उपग्रहांच्या मापांत त्या क्षणीं किती चूक आहे, तें त्यास कळतें. तो तें यंत्रास कळवितो, आणि यंत्र आपला हिशेब दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंत नीट करून घेतें. भूमि-अभिलेख खात्याचे मोजणीदार हल्लीं ‘रोव्हर’ घेऊन जमिनी मोजतात, त्यामागेंही हेंच तत्त्व आहे.

परंतु या तत्त्वास मोकळें आकाश लागतें, आणि आपल्या भागाची अडचण नेमकी तेथेंच आहे. नौपाड्यासारख्या जुन्या वस्तींत बंगल्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या आहेत. दोन इमारतींच्या मधल्या अंगणांत आकाशाची नुसती पट्टी दिसते. उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून उशीरां पोंचतात आणि यंत्राचा हिशेब फसतो. आंब्या-फणसाच्या दाट सावलींतही हेंच घडतें. अशा जागीं केवळ उपग्रहांवर चालणारें यंत्र घेणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय. त्यापेक्षां लेसर किरणांनीं भोंवतालच्या भिंतींचें व झाडांचें अंतर मोजणारें, ‘लायडार’ पद्धतीचें यंत्र बरें; कुंपणाच्या भिंती त्यास अडथळा न होतां उलट खुणेच्या उपयोगीं पडतात. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्रास मात्र उजेड लागतो, आणि कांचेवर पावसाचे थेंब सांचले कीं त्यास नीट दिसेनासें होतें.

दुसरी गोष्ट ऋतूंची. ठाणें-कल्याणकडे वर्षाकाठीं शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या दरम्यान. गवत सर्वांत जोमानें वाढतें तें याच दिवसांत. आणि याच दिवसांत जमीन चिखल होऊन चाकें घसरतात, ओलें गवत पात्यांभोंवतीं गोळा होतें. पावसाचा थेंब लागतांच आपल्या जागीं परतण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते, म्हणजे श्रावणांत त्याचा मुक्काम घरींच. थोडक्यांत, यंत्राचा खरा हंगाम ऑक्टोबरपासून पुढें सुरू होतो.

तेव्हां बसवावयाचें तर दिवाळीच्या सुमारास बसवावें. प्रथम जमीन सपाट करून खड्डे भरावे. भिंतीच्या कडेनें हिरवळीच्या पातळीस मिळती अशी फरशीची किंवा विटांची एक ओळ घालावी, म्हणजे यंत्राचें चाक तीवरून जाऊन कडेचें गवतही बरेंचसें कापलें जाईल. विजेच्या जोडणीस पाण्यापासून संरक्षण व गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ अवश्य हवी; हें काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावें. मग मोबाइलच्या साहाय्यानें यंत्रास हिरवळीच्या कडेनें एकदां फिरवून आणावें. तोच त्याचा नकाशा. तुळशीवृंदावन, विहिरीचा कांठ, फुलझाडांचे वाफे हीं ‘वर्ज्य’ म्हणून त्या नकाशावर दाखवावीं. पहिले आठ दिवस यंत्र चालूं असतां कोणी तरी जवळ उभें रहावें.

एकत्र कुटुंबांत याहून महत्त्वाचा प्रश्न लहान मुलांचा आहे. यंत्र उचललें किंवा कलंडलें कीं पातीं थांबतात हें खरें. पण तीं दाढीच्या पात्यासारखीं धारदार असतात, आणि गवतांत पालथें पडून खेळणाऱ्या मुलाचा हात यंत्रास ओळखतां येईलच, असा भरंवसा कोणीं धरूं नये. मुलें शाळेंत गेल्यावर, दुपारच्या आंत तें चालवावें, आणि रांगतें मूल घरांत असेल तर त्या वेळेस अंगणाचें दार लावून घ्यावें. रात्रीं तर चालवूंच नये. बेडूक व इतर लहान जीव रात्रीं बाहेर पडतात; युरोपांत साळूसारखा काटेरी हेजहॉग प्राणी या यंत्रांखालीं जखमी होऊं लागला, म्हणून जर्मनींतील कोलोन शहरानें २०२४ सालीं त्यांच्या रात्रींच्या फिरण्यास बंदी केली.

आणखी एक गोष्ट गृहिणींच्या ध्यानीं येईल. हें यंत्र रोज थोडें थोडें कापतें व कातरण तेथेंच खत म्हणून टाकतें. त्यामुळें हिरवळ मखमलीसारखी होते, पण तींत दूर्वांचे लांब अंकुर कधींच मिळावयाचे नाहींत. आपली हरळी म्हणजेच दूर्वा. गणेशचतुर्थीस एकवीस दूर्वांची जुडी घरच्या अंगणांतली असावी असें वाटत असेल, तर नकाशावर तेवढा कोपरा आधींच राखून ठेवावा. माळ्यासही एकदम निरोप देऊं नये. तण उपटणें, कुंपण छाटणें, कलमें बांधणें, यांतलें कांहींच हें यंत्र करीत नाहीं. ज्या माळ्याचा महिना आपल्या बागेवर अवलंबून आहे, त्याची कापणी वांचली तर तो वेळ त्यानें भाजीपाल्याच्या वाफ्यांस द्यावा. त्यांत त्याचें व घराचें दोघांचेंही हित आहे.

शेवटीं हिशेब. परदेशांतील किंमतींवरून पाहतां चांगलें यंत्र रुपयांत लाखाच्या घरांत जातें; त्याची शक्ति साधारणतः पांच-दहा गुंठ्यांची, आणि आपल्याकडील अंगण बहुधा एक-दोन गुंठ्यांचें. एवढ्यासाठीं हातानें ढकलण्याचें साधें यंत्र पुरे. घरांतील तरुणांना व्यायामही घडेल. मात्र वसाहतीची सामाईक बाग मोठी, आकाश मोकळें आणि जमीन सपाट असेल, तर सभासदांनीं सभेंत हा विषय अवश्य घ्यावा. तसेंच घरांत वयोवृद्ध मनुष्य एकटेंच बागेची निगा राखीत असेल, तर त्याच्या पाठीवरील भार हलका करणारें हें यंत्र लहान अंगणांतही अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. विकत घेण्यापूर्वीं मात्र दोन गोष्टी पहाव्या: अंगणाच्या मधोमध उभें राहून आकाश किती दिसतें तें, आणि यंत्र बिघडल्यास दुरुस्त करणारा माणूस ठाणें-कल्याणच्या टापूंत मिळतो कीं नाहीं तें.