विश्लेषण : कारखान्याचे ‘हरित’ प्रमाणपत्र भट्टीपाशी का अडते?

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत नवी फाउंड्री उभी राहते आहे. परदेशी ग्राहकाला हरित इमारतीचे प्रमाणपत्र हवे आहे. मालकाने एलईडी दिवे लावले, छताला उष्णतारोधक थर दिला, ऑफिसात कमी वीज खाणारे एसी बसवले. तरीही अर्ज अडतो.

गणित कुठे फसते?

‘लीड’ ही अमेरिकी मानांकन पद्धत भारतातही वापरली जाते. तिच्या चौथ्या आवृत्तीच्या मूळ नियमानुसार नव्या इमारतीचा वार्षिक ऊर्जाखर्च ‘अ‍ॅशरे ९०.१’ या मानकावर बेतलेल्या तुलनेच्या इमारतीपेक्षा किमान ५ टक्के कमी हवा होता. २००९च्या आवृत्तीत ही अट १० टक्के होती. ती पाळली नाही, तर बाकीचे गुण कितीही मिळोत, प्रमाणपत्र नाही.

मेख पुढे आहे. या हिशेबात उत्पादनाची यंत्रेही धरली जातात आणि एरवी ती दोन्ही बाजूंना सारखीच मोजतात. आपल्या फाउंड्रीच्या १०० रुपये ऊर्जाखर्चापैकी ७० भट्टीचे, २२ कॉम्प्रेसर आणि इतर यंत्रांचे, ८ इमारतीचे असे धरू. इमारतीत निम्मी बचत केली तरी एकूण बचत ४ टक्केच. जुन्या अटीत तर दिवे-पंखे काढून अंधारात काम केले असते, तरी ८ टक्क्यांपुढे मजल गेली नसती! भारताची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मात्र प्रामुख्याने उत्पादनासाठीची यंत्रणा वगळते.

सौर पॅनेलने भागेल?

नाही. चौथ्या आवृत्तीत ही किमान बचत सौरऊर्जा न धरता दाखवावी लागते. पॅनेलचा लाभ त्यानंतरच्या गुणांपुरता.

मग वाट कोणती?

‘अपवादात्मक गणना’. तिच्यात प्रक्रियेतली बचतही धरता येते. भट्टीत २ टक्के वाचले, की १ रुपया ४० पैसे. आधीच्या ४ मध्ये मिळवले, की अट पार. पण अलीकडच्या तशाच कारखान्यांत कोणती यंत्रणा रूढ आहे, याचे कागदोपत्री पुरावे लागतात. बदलही यंत्रणेतच हवा. कामगार भट्टीचे झाकण वेळेवर लावतील, हे आश्वासन गणितात बसवणे अवघड. कॉम्प्रेसरकडेही पाहावे : दाब १ बारने उतरवला, तरी त्याची वीज साधारण ६ ते १० टक्के वाचते.

अडचण वेळेची आहे. भट्टीची ऑर्डर अनेकदा हरित सल्लागार नेमण्याआधीच गेलेली असते. मग त्याच्या हाती उरतात ते ८ रुपये.