बेदरच्या बादशहाची राजधानी

दुष्काळात उपाशी रयतेसाठी सरकारी कोठार खुले करणारे मंगळवेढ्याचे दामाजीपंत आणि त्यांच्यावरील धान्याचा आकार फेडण्यासाठी विठू महाराच्या वेषाने बादशहाच्या दरबारी गेलेला विठ्ठल, ही कथा महाराष्ट्रातील आबालवृद्धांस परिचित आहे. गुरुचरित्रात स्फोटकाने पीडित होऊन श्रीनृसिंहसरस्वतींना शरण जाणारा यवन राजाही त्याच नगरीचा. कथांतील हे बेदर म्हणजे कर्नाटक राज्याच्या ईशान्य टोकावरील आजचे बीदर शहर होय. उदगीर, निलंगा, भालकीकडील मंडळी सोडली, तर हे नाव ऐकलेले पुष्कळ आणि गाव पाहिलेले थोडे, अशीच स्थिती आहे.

बहामनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्याची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे होती. तेथील किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद आवर्जून पाहण्यासारखी आहे. मशिदीला एरवी असणारे उघडे अंगण येथे नाही; संपूर्ण इमारत लहानमोठ्या घुमटांनी आच्छादलेली आहे. याच शहरात ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा दर्गा व शरणबसवेश्वरांचे मंदिर ही दोन मोठी श्रद्धास्थाने आहेत. २०१७ मध्ये बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून दोन्ही राजधान्या एकाच प्रवासात पाहणे सोयीचे झाले आहे.

अहमदशहाने १४२४ च्या सुमारास राजधानी बीदरला हलविली. सुमारे २,२०० फूट उंचीचे जांभ्या दगडाचे पठार, थंड हवा आणि कन्नड, मराठी व तेलुगू मुलखांचा येथे पडणारा मिलाफ, हे सारे राजधानीस अनुकूल होते. हा मिलाफ पुढे जिल्ह्याच्या नकाशातही टिकून होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा व अहमदपूर मराठवाड्यास जोडले गेले, काही भाग आंध्र प्रदेशात गेला आणि बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात आला.

अशा या नगरीत इराण, तुर्कस्तान व मध्य आशियातून विद्वान, शिपाई, कारागीर आणि व्यापारी येऊन राहिले. त्यांना ‘आफाकी’ म्हणत. येथे रुळलेल्यांना ‘दखनी’. हबशी सरदारांचे नाव ‘हबशी कोट’ या टेकडीने आजही राखले आहे. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास एक घोडा विकण्यासाठी चौल बंदरात उतरला. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा काढून घेतला होता; मोठ्या खटपटीने तो परत मिळवून निकितीन बीदरला आला आणि येथे त्याने तो विकला. त्याच्या प्रवासवर्णनात बीदरच्या राजवाड्याचे वैभव जसे आहे, तसेच गावकऱ्यांच्या दारिद्र्याचेही वर्णन आहे.

किल्ल्यात जाताना प्रथम लक्ष वेधतो तो दक्षिणेकडील खंदक. अखंड खडक कोरून त्याचे समांतर तीन चर केलेले आहेत. आतील सोळा खांब मशिदीवर १४२३-२४ चा शिलालेख आहे. तख्त महालाचे आता भग्नावशेष उरले असले, तरी वाघ व उगवता सूर्य यांची चिन्हे असलेल्या रंगीत फरश्या तेथे दिसतात. रंगीन महाल लहान, परंतु सर्वांत सुंदर आहे. बरीदशाहीतील अली बरीदच्या काळी सजविलेल्या या वास्तूत काळ्या दगडात शिंपल्यांचे जडावकाम केले असून लाकडी खांबांवरील कोरीव काम खास या मातीतील कारागिरांचे वाटते. तेथे घाई करू नये.

या किल्ल्याची मातीसुद्धा कामाची आहे. बिदरी भांड्यांचा काळा रंग तिच्यामुळेच येतो. जस्तात थोडे तांबे मिसळून वाळूच्या साच्यात भांडे ओततात. ते कानशीने घासून, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी रेखाटतात. छिन्नीने नक्षी कोरून त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी नवसागर व किल्ल्यातील माती पाण्यात कालवून ते मिश्रण तापलेल्या भांड्याला लावले जाते. भांडे गडद काळे होते. चांदी मात्र जशीच्या तशी झळकते. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागचीच माती या कामी चालते आणि जाणते कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. २००६ मध्ये या कलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. शहरातील कारखान्यांत हे काम पाहता येते. केवळ दुकानातून वस्तू घेऊन परतणाऱ्याला त्यामागील श्रमांची कल्पना येणार नाही.

शहराच्या मध्यभागी चौबारा हा टेहळणीचा उंच मनोरा आहे. तेथून जवळच महमूद गवान याचा मदरसा लागतो. गवान मूळचा इराणातील गिलानचा. १४५३ मध्ये व्यापारी म्हणून तो येथे आला आणि पुढे राज्याचा मुख्य वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने ही तीनमजली विद्यापीठवास्तू उभारली. तीत व्याख्यानगृहे, विद्यार्थी व अध्यापकांच्या खोल्या, मशीद आणि ग्रंथालय होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज एकच मिनार उभा आहे. त्यावरील निळ्या-हिरव्या फरश्यांचे तुकडे पाहून मूळ शोभेची कल्पना करावी लागते.

परंतु ज्या दरबाराने गवानला मोठे केले, त्याच दरबारातील दुहीने त्याचा घात केला. आफाकी व दखनी यांच्यात समतोल राखण्याचा त्याचा प्रयत्न होता. दखनी गटातील काही सरदारांनी त्याचा शिक्का असलेल्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून बनावट पत्र लिहविले. ते पाहून तिसऱ्या महंमदशहाने १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद करविला. राजाला पुढे पश्चात्ताप झाला, असे इतिहासकार लिहितात. पण त्याचा उपयोग काय? थोड्याच वर्षांत राज्याची पाच शकले झाली. अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही त्यांतलीच.

दरबाराला जे साधले नाही, ते गावाला मात्र साधले. शहराच्या पूर्वेस अष्टूर येथे बहामनी सुलतानांच्या कबरींचे घुमट आहेत. विजेच्या आघाताने दुभंगलेला हुमायूनचा घुमट दुरूनच ओळखू येतो. अहमदशहाच्या कबरीच्या आतील भिंतींवर सोनेरी व शेंदरी रंगांतील चित्रकाम व फारसी लेखन आहे. मुसलमान त्याला ‘वली’ म्हणतात. अनेक लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. येथील उरूस हिंदू पंचांगाच्या तिथीनुसार भरतो. त्यासाठी कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम वाजतगाजत येतात, फुले वाहतात, नारळ फोडतात. या प्रदेशात हे एकच उदाहरण नव्हे. हुमनाबादजवळील माणिकनगरच्या श्री माणिकप्रभूंनी (१८१७-१८६५) सकलमत संप्रदाय स्थापन केला. त्यांची पदे मराठी, कानडी आणि हिंदी अशा भाषांत आहेत. शहरातील नानक झिरा साहिब हा गुरुद्वारा गुरू नानकदेवांच्या आगमनाची आठवण देतो. तेथील झऱ्याचे पाणी भाविक श्रद्धेने नेतात.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून नौबादचे कारेझ पाहिल्यावाचून परतू नये. बहामनी काळात इराणी जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली जांभ्या खडकात हा भुयारी कालवा खोदला गेला. भूगर्भातील पाणी अत्यल्प उतारावरून आपोआप वाहत येते. मोट लागत नाही, पंप लागत नाही. छत्रपती संभाजीनगर येथील मलिक अंबरची नहर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना लगेच उमजेल. ठरावीक अंतरावर उभी विवरे ठेवलेली आहेत, ती हवा, उजेड आणि गाळ काढण्यासाठी. पुढे लोकांना त्यांचा विसर पडला, विवरांत कचरा पडू लागला, त्यांच्या ओळीवर बांधकामेही झाली. गेल्या दशकात बराच गाळ उपसण्यात आला. सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी ही विवरे एकामागून एक दाखवीत, कठड्यापासून सुरक्षित अंतर ठेवून, कालव्याच्या मुखापर्यंत न्यावे. वरून ती पडक्या विहिरींसारखी दिसतात. त्यांपैकी एखादे बुजवले, तर खालचा प्रवाह तेथेच तुंबतो आणि पुढच्या गावाला पाणी मिळत नाही, हे त्या ओळीने चालत गेल्यावरच ध्यानात येते.