बोट कुठल्या ओळीवर आहे?

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी काही वर्षं होतो. कविता करणारा, बी.ए. झालेला माणूस म्हणून शिक्षणतज्ज्ञाच्या जागी माझं नाव घातलं गेलं. तज्ज्ञ वगैरे मी नव्हतो. महिन्याच्या सभेला जायचं, चहा घ्यायचा आणि ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलेल्या इतिवृत्ताखाली सही करायची, एवढंच माझं काम. विषयही ठरलेले. पत्रे गळतात, नळाला पाणी नाही, खिचडीचा तांदूळ आला का?

एकदा सभा संपल्यावर समितीतल्या एका आईनं मला थांबवलं. म्हणाली, “चाचा, तुम्ही शिकलेले. माझ्या पोरीला वाचता येतं का, तेवढं बघता?” पोरगी तिसरीत. तिनं पुस्तक उघडलं आणि धडा घडाघडा म्हणून दाखवला. आई खूश झाली. माझं लक्ष मात्र मुलीच्या बोटाकडे गेलं. तोंडात एक ओळ होती आणि बोट दुसऱ्याच ओळीवर होतं. मी तिच्यापुढे दुसरं, तिनं न पाहिलेलं पुस्तक धरलं. ती गप्प झाली. ‘विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक’ या वाक्याखाली मी कितीदा सही केली होती, ते त्या दिवशी आठवलं.

ही समिती म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सरकारी व अनुदानित शाळांत अशी समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात, असं त्यात लिहिलं आहे. शाळेच्या कामावर देखरेख करणं, विकास आराखडा तयार करणं आणि अनुदान कुठं खर्च झालं ते पाहणं ही तिची कामं. म्हणजे त्या आईनं विचारलेला प्रश्न तिच्या अधिकारातलाच होता. तो तिनं सभेत विचारला नाही, सभा संपल्यावर विचारला, हेच आमचं अपयश.

मग शिक्षक परीक्षा घेतात, ती पुरेशी नाही का? माझा अनुभव सांगतो. स्वतःच्या कवितेतली चूक मला दिसत नाही, कारण मला जे म्हणायचं होतं तेच मी वाचतो. शिक्षकाचंही तसंच होतं. रोजचा धडा, रोजचा आवाज, त्यामुळे पाठांतर कुठं संपतं आणि वाचन कुठं सुरू होतं, ते कळत नाही. यात लबाडी नाही. म्हणून बाहेरचं माणूस आणि न पाहिलेलं पान, दोन्ही लागतात.

देशात असं काम दोन तऱ्हांनी होतं. ‘प्रथम’ या संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून होत आलं आहे. आमच्या घरच्या बोलीत असर म्हणजे परिणाम. नाव नेमकं आहे. या सर्वेक्षणातली माणसं शाळेत नव्हे, घरी जातात आणि एकेका मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देतात. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २०२२ साली १६.३ टक्के होती. २०२४ साली ती २३.४ टक्के झाली. सुधारणा आहे, पण अजून चारांत एकही पुरता नाही. दुसरी तऱ्हा सरकारी. डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात निवडक शाळांतल्या तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची चाचणी झाली.

पण ‘असर’साठी जिल्ह्यातली तीस गावं आणि प्रत्येक गावातली वीस घरं निवडतात. त्यातून आपल्या शाळेचं काही कळत नाही. जिल्ह्यात पाऊस किती पडला ते कळतं. आपल्या विहिरीत पाणी किती, ते दोर सोडूनच बघावं लागतं.

आम्ही तो दोर सोडायचं ठरवलं. शेजारच्या गावच्या शिक्षकांनी आमची मुलं तपासायची, आमच्या शिक्षकांनी त्यांची. मुख्याध्यापक आधी नाराज झाले. “हा आमच्यावर अविश्वास आहे,” असं ते म्हणाले. मग दोन गोष्टी ठरल्या. मुलांची नावं सभेत घ्यायची नाहीत आणि आकड्यांवरून कुणाला नोटीस काढायची नाही. दुसरी अट फार महत्त्वाची. आकड्यामागे शिक्षा आली की आकडा सजवला जातो.

गोष्टीपर्यंत पोचलेली तिसरीची मुलं थोडीच निघाली. ती पाटी पाहून सभेत कुणी बोलेना. शेवटी मुख्याध्यापकच म्हणाले, “सकाळचा अर्धा तास वाचनाला देऊ. इयत्ता बघायची नाही, ज्याला जेवढं येतं त्याच्या पुढचं शिकवायचं.” काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. ती मुलगी परिच्छेदापर्यंत आली होती. गोष्ट अजून जमत नव्हती. पण बोट आणि शब्द आता एकाच ओळीवर होते.

तुमचं मूल, नातवंड सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, तर तिथंही अशी समिती असेल. पुढच्या सभेत पत्रे आणि पाणी झालं की एवढंच विचारा, “आपल्या किती मुलांना नवं पान वाचता येतं?” उत्तर ऐका. सही त्यानंतर करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)