एकाच ठोकळ्यातून चार रंग

जवसाची चटणी सोलापूरकरांना नवी नाही. पण त्याच जवसाच्या तेलापासून चित्र छापण्याची लादी तयार होते आणि तिच्यावर लावायची शाईही पूर्वापार त्याच तेलात घोटली जाते, हे सहसा ध्यानात येत नाही. ‘लिनोलियम’ या नावातच जवस (लिनम) आणि तेल (ओलियम) हे दोन लॅटिन शब्द आहेत. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकाने १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले, ते जमिनीवर अंथरण्यासाठी. हवेत घट्ट झालेले जवसाचे तेल, राळ, बुचाची पूड आणि लाकडाचा भुसा एकत्र मळून ते तागाच्या कापडावर थापायचे, अशी ही कृती. चित्रकारांनी ते पुढे आपलेसे केले, कारण लाकडासारख्या रेषा त्यात नसतात. लाकडात रेषेच्या दिशेने पटाशी सहज चालते, आडवी चालवली की छिलका निघतो. लिनोवर हत्यार कोणत्याही दिशेने फिरते.

आपल्याकडचे सर्वांत परिचित लिनोचित्र म्हणजे नंदलाल बोस यांचे, हातात काठी घेऊन निघालेले गांधीजी. ते १९३० चे, दांडीयात्रेच्या वर्षातले. त्याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता, हे इथल्या विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नाही. १९४६ पासून मुंबईत राहिलेल्या चित्तप्रसाद यांनी राबणाऱ्या मुलांची जी चित्रमालिका केली, तीही लिनोवरच. स्वस्त साहित्य आणि एका ठोकळ्यातून अनेक प्रती, हे या माध्यमाचे बळ.

एकरंगी छापाचे तत्त्व साधे आहे. जे कोरले ते कोरे राहते, जे उरले ते छापले जाते. जेकार्ड मागावरच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांत ‘भोक आहे’ किंवा ‘भोक नाही’ एवढेच असते, तसेच इथेही. मधला पर्याय नाही. शिवाय चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटते, म्हणून अक्षरे उलटी कोरावी लागतात.

खरी गंमत आहे ती अनेक रंगांत. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा कोरणे हा एक मार्ग. जपानमध्ये १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूची बहुरंगी चित्रे अशीच छापली गेली. दुसरा मार्ग ‘रिडक्शन’चा, म्हणजे एकच ठोकळा टप्प्याटप्प्याने कोरत जाण्याचा. पिकासोने १९५८ मध्ये क्रानाखच्या चित्रावरून केलेल्या लिनोचित्रासाठी वेगवेगळे ठोकळे वापरले होते. ते एकमेकांशी जुळवणे जिकिरीचे. १९५९ पासून त्याने एकाच ठोकळ्याची पद्धत हाती घेतली आणि ती गाजली.

समजा, आपल्याला संध्याकाळचे सिद्धेश्वर मंदिर छापायचे आहे. तळ्याकाठचे दिवे पांढरे, आकाश पिवळे, पाण्यावरची झळाळी नारिंगी आणि देऊळ गडद तपकिरी. कागद पांढरा आहेच. तेव्हा आधी फक्त दिवे कोरायचे आणि उरलेला सगळा ठोकळा पिवळ्या शाईने सर्व कागदांवर छापायचा. देवळाची जागासुद्धा या वेळी पिवळी होते, त्याने बिचकू नये. मग आकाश कोरून टाकायचे आणि त्याच कागदांवर नारिंगी छापायचा. शेवटी झळाळी कोरायची. ठोकळ्यावर आता देऊळ तेवढे उरते, ते तपकिरीत छापायचे. फिकट रंगाकडून गडदाकडे जायचे, कारण छपाईची शाई बरीचशी पारदर्शक असते. पिवळ्यावर निळी पडली तर हिरवी दिसते. तपकिरीवर पिवळी पडली तर जवळजवळ दिसतच नाही.

या पद्धतीत मागे फिरता येत नाही. आकाश कोरून झाल्यावर पिवळ्या रंगाची आणखी एक प्रतही काढता येणार नाही. म्हणून प्रती किती हव्यात ते पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. इथे गणिताच्या शिक्षकांनी पुढे यावे. प्रत्येक छपाईत दहापैकी एक कागद बिघडतो असे धरले, तर तीन छपायांनंतर ०.९ × ०.९ × ०.९ म्हणजे सुमारे ०.७३ इतकाच भाग उरतो. दहा चांगल्या प्रती हव्या असतील तर पंधरा कागदांनी सुरुवात करावी. हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावा. शिक्षकाने आयता सांगू नये.

कागद दर वेळी त्याच जागी बसायला हवा. पुठ्ठ्यावर ठोकळ्यासाठी काटकोनी पट्ट्या चिकटवाव्यात आणि कागदाच्या एका कोपऱ्यासाठी व एका कडेसाठी ठोकळ्याइतक्याच उंचीच्या दोन खुणा कराव्यात. जपानी कारागीर अशाच दोन खाचा ठोकळ्यावरच कोरत. छापखान्याचे यंत्र नसले तरी चालते. रुळाने शाईचा पातळ थर द्यावा, कागद ठेवावा आणि पाठीवरून चमच्याच्या बुडाने घासावे. लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेवावा. सोलापूरच्या एप्रिलात याची गरज पडत नाही. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवावा.

नवशिक्याचा दुसरा रंग बहुधा बिघडतो, तो पहिला वाळलेला नसताना छापल्यामुळे. ‘वाळणे’ हा शब्दच इथे फसवा आहे. पाणी उडून जाते, तसे जवसाचे तेल उडून जात नाही. त्याच्या रेणूंतल्या दुहेरी बंधांच्या ठिकाणी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि रेणू एकमेकांत गुंफून जाळे तयार होते. म्हणून तेलाचे वजन कमी न होता वाढते. काचेच्या तीन पट्ट्यांवर जवस, करडई आणि शेंगदाणा यांच्या घाण्याच्या तेलाचे पातळ थर द्या आणि दररोज बोट लावून पाहा. जवसाच्या तेलावर आधी साय धरेल, करडईच्या मागाहून. शेंगदाण्याचे ओलेच राहील. दुहेरी बंधांचे माप म्हणजे आयोडीन अंक. तो जवसाचा १७० ते २००, करडईचा १४० ते १५० आणि शेंगदाण्याचा साधारण ८५ ते १०५ असतो. शाई वाळण्याचा वेग ऊब, हवा आणि थराची जाडी यांवर ठरतो. कागद दोरीवर चिमट्यांनी सुटे टांगावेत, गठ्ठा करू नये.

जमिनीवर अंथरायला ‘लिनोलियम’ म्हणून दुकानात आज मिळते ते बहुधा व्हिनाइल असते. खऱ्या लिनोला जवसाच्या तेलाचा वास येतो आणि बहुधा पाठीला तागाचे कापड असते. चित्रसाहित्याच्या दुकानात मागावे; न मिळाल्यास एमडीएफचा तुकडा चालेल, मात्र त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये.

ऑक्सिजन जोडला जाताना उष्णता बाहेर पडते. पट्टीवरच्या थरातून ती निघून जाते. तेलकट चिंध्यांच्या बोळ्यात मात्र कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. तास संपल्यावर त्या कचऱ्याच्या टोपलीत कोंबू नयेत. बाहेर पसरून ठेवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवाव्यात.