स्थिर जबड्याचा भरवसा

घरातल्या एखाद्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये छोटे मिलिंग मशीन बसवणारे लोक मशीन निवडताना खूप विचार करतात. मोटर किती वॅटची, टेबल केवढे, स्पिंडलचे बेअरिंग कोणते, हे सगळे ते तपासतात. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, जबड्यांत घट्ट धरणारा व्हाइस मात्र शेवटी उरलेल्या पैशांत, दुकानात जो दिसेल तो घेतला जातो. हा क्रम बदलायला हवा, असे माझे ठाम मत आहे. लेथमध्ये जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगमध्ये कटर फिरतो आणि टेबलावर घट्ट बांधलेला जॉब त्याच्याखालून सरकत जातो. म्हणजे कटर जे पृष्ठ कापतो ते सरळ, सपाट आणि काटकोनात येईल की नाही, हे जॉब कशाला टेकून बसला आहे यावर ठरते. छोट्या मशीनवर जॉब बहुतेक वेळा व्हाइसला टेकून बसतो. व्हाइस हा केवळ धरून ठेवणारी वस्तू नसून मशीनचा मोजमाप ठरवणारा भाग आहे आणि तो त्याच निकषावर निवडला पाहिजे.

बहुतेक ग्राहक आधी व्हाइसची ताकद पाहतात. ती ताकद प्रत्यक्षात किती लागते, याचा हिशेब अवघड नाही. शांघायच्या सीग कंपनीचे एक्स-2 हे छोटे मिलिंग मशीन वेगवेगळ्या नावांनी जगभर विकले गेले आहे. त्याची मूळ मोटर 350 वॅटची. 10 मिमी व्यासाचा कटर मिनिटाला 1000 फेरे फिरला तर त्याची धार सेकंदाला सुमारे अर्धा मीटर धावते. मोटरची सगळी शक्ती त्या धारेवर पोहोचली असे धरले, तरी जॉबवर येणारा जोर सरासरी 68 किलोंच्या आसपास भरतो. आता व्हाइसकडे पाहू. 20 सेंटिमीटरच्या हँडलवर 10 किलोंचा जोर लावून स्क्रूला एक पूर्ण फेरा दिला, तर हात सव्वा मीटर फिरतो आणि 4 मिमी पिचच्या स्क्रूवरचा जबडा फक्त 4 मिमी सरकतो. घर्षण नसते तर जोर तीनशे पटींहून जास्त वाढला असता. घर्षणात तीनचतुर्थांश जोर गेला असे मानले, तरी जवळपास 780 किलोंचा दाब उरतो. पोलाद आणि पोलाद यांच्यातले घर्षण कमीत कमी, म्हणजे 15 टक्के धरले आणि दोन्ही जबडे जमेस धरले, तर जॉब घसरवायला सव्वादोनशे किलोंहून जास्त जोर लागेल. कटरचा दात धातूत शिरताना बसणारा झटका सरासरीच्या दुप्पट धरला, तरी पकड पुरून उरते. छोट्या मशीनसाठी साध्या व्हाइसचीही ताकद पुरेशी आहे. म्हणून ताकद हा निवडीचा निकष होऊ शकत नाही.

मग व्हाइस कुठे कमी पडतो? त्यासाठी त्याची रचना पाहावी लागते. व्हाइसला एक बेड असतो, त्याच्या टोकाला बेडशी एकजीव किंवा पक्का बसवलेला स्थिर जबडा असतो, आणि समोरून स्क्रूने पुढे-मागे होणारा सरकता जबडा असतो. सरकत्या जबड्याचे काम फक्त दाबण्याचे. मोजमाप ठरते ते स्थिर जबडा आणि बेड या दोन पृष्ठांवर. म्हणूनच व्हाइस टेबलावर बांधताना कारागीर स्पिंडलला डायल इंडिकेटर लावतो आणि टेबल डावी-उजवीकडे सरकवत स्थिर जबड्यावर डायल फिरवतो. जबडा टेबलाच्या चालीला समांतर झाला, की त्याच्या भरवशावर पुढचे सगळे काम होते. एखाद्या ओबडधोबड तुकड्याचा काटकोनी ठोकळा करायचा असेल, तर आधी एक बाजू सपाट करून घेतात, ती बाजू स्थिर जबड्याला टेकवतात आणि वरची दुसरी बाजू कापतात. ही दुसरी बाजू पहिलीशी काटकोनात आली की नाही, हे सर्वस्वी स्थिर जबडा बेडशी काटकोनात आहे की नाही यावर अवलंबून असते. 40 मिमी उंचीच्या जबड्याचा माथा 0.04 मिमी कललेला असेल, तर 100 मिमीच्या ठोकळ्यात 0.1 मिमीचा तिरकसपणा येतो. डोळ्याला तो दिसत नाही. जोडीचा भाग त्यावर बसवायला गेले की फट मात्र लगेच दिसते.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. व्हाइसचा स्क्रू खाली, बेडच्या जवळ असतो आणि जॉब त्याच्या वर, जबड्यांच्या माथ्याजवळ पकडलेला असतो. स्क्रू खालून पुढे ढकलतो, जॉब वरून मागे रेटतो आणि या ओढाताणीत सरकता जबडा मागे कलतो. जबडा आणि बेड यांच्यात जितकी ढिलाई, तितका तो पुढच्या कडेने वर उचलला जातो आणि जॉबची ती बाजू सोबत उचलतो. जॉबखाली ठेवलेल्या पॅरलल पट्ट्यांपैकी सरकत्या जबड्याकडची पट्टी अशा वेळी बोटाने हलू लागते. 50 मिमी रुंदीचा जॉब एका बाजूने 0.05 मिमी उचलला गेला, तर वरचे पृष्ठ खालच्याशी तेवढेच असमांतर कापले जाते. म्हणून व्हाइस आवळल्यावर पितळी किंवा नायलॉनच्या हातोडीने जॉब खाली ठोकायची पद्धत पडली. ठोकून जॉब बसतो हे खरे, पण प्रत्येक वेळी सारखाच बसतो असे नाही. काम ठोकणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहते आणि एकाच मापाचे चार भाग करताना चारही भागांची मापे वेगळी येतात.

या उचलण्यावरचा सर्वांत गाजलेला उपाय अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या कर्ट कंपनीच्या अँगलॉक व्हाइसमध्ये आहे. त्यात स्क्रूचा नट सरकत्या जबड्याला सरळ ढकलत नाही. नटाचा उतरता चेहरा जबड्यात बसवलेल्या अर्धगोलावर दाब देतो. उतारामुळे जोराचे दोन भाग होतात: एक जबड्याला पुढे नेतो, दुसरा त्याला बेडवर खाली दाबतो. जितके जास्त आवळावे तितका जबडा बेडला जास्त चिकटतो. आज अनेक देशांतल्या कारखान्यांत या तत्त्वावरचे व्हाइस बनतात आणि आपल्या बाजारातही ते ‘अँगल लॉक’ म्हणून मिळतात. दुसरा उपाय म्हणजे टूलमेकर व्हाइस, ज्याला काही ठिकाणी ग्राइंडिंग व्हाइस किंवा प्रिसिजन व्हाइस म्हणतात. त्यात लांब स्क्रूच नसतो. सरकता जबडा हव्या त्या खाचेत अडकवायचा आणि तिरका बसवलेला बोल्ट ॲलन की-ने आवळायचा. बोल्टच तिरका असल्याने तो जबड्याला पुढे आणि खाली एकाच वेळी ओढतो. हा व्हाइस कठीण केलेल्या पोलादाचा असून सगळ्या बाजूंनी ग्राइंड केलेला असतो, त्यामुळे त्याची काटकोनातली अचूकता काही मायक्रॉनपर्यंत जाते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जबडा खाचेतून खाचेत हलवायला वेळ लागतो, ही त्याची उणीव. दिवसाला शेकडो जॉब बदलणाऱ्या कारखान्याला तो वेळ परवडत नाही. घरी संध्याकाळभरात दोन-चार भाग करणाऱ्याला मिनिटभराच्या उशिराने काहीच बिघडत नाही. कारखान्याने नाकारलेली वस्तू घराला चांगली ठरते ती याच हिशेबाने.

आकाराबाबत मोठा गैरसमज आहे. मोठा आणि जड व्हाइस अधिक चांगला, असे सरसकट मानले जाते. मोठ्या मशीनवर ते बरोबर आहे. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट शहरात 1938 साली बाजारात आलेल्या आणि पुढे जगभरच्या टूलरूममध्ये पोहोचलेल्या ब्रिजपोर्ट मिलिंग मशीनचे टेबल 9 इंच रुंद असते. त्यावर 6 इंची जबड्याचा, तीस किलोंहून जड व्हाइस शोभतो. एक्स-2चे टेबल मात्र सुमारे 390 बाय 92 मिमी आहे. त्या 92 मिमीच्या टेबलावर 6 इंची व्हाइस ठेवला, तर त्याची लांबी टेबलाच्या रुंदीच्या चार पटींहून जास्त भरेल. व्हाइस पुढे-मागे लोंबकळेल, टेबलाच्या खोबण्यांवर एकतर्फी भार येईल आणि व्हाइसचे मागचे टोक मशीनच्या कॉलमला अडून टेबलाची आधीच आखूड असलेली चाल आणखी कमी होईल. उंचीचेही तसेच. छोट्या मशीनमध्ये टेबल आणि स्पिंडल यांच्यातले अंतर मोजकेच असते. त्यात व्हाइस, पॅरलल, जॉब, कटर आणि कोलेट चक एवढे सगळे बसवायचे असते. ड्रिल चक लावून भोक पाडायची वेळ आली, की उंच व्हाइसमुळे जागाच उरत नाही. म्हणून 90 ते 100 मिमी रुंदीच्या टेबलाला 70-75 मिमी जबड्याचा आणि 160 ते 180 मिमीच्या टेबलाला 100 मिमी जबड्याचा व्हाइस योग्य ठरतो. स्विव्हल बेस, म्हणजे व्हाइस कोनात फिरवणारी चकती, बहुतेकांना आकर्षक वाटते. प्रत्यक्षात ती उंची खाते, जॉब आणि टेबल यांच्यात आणखी एक सांधा वाढवते आणि जवळजवळ नेहमी शून्यावरच राहते. व्हाइसबरोबर ती आलीच, तर काढून ठेवावी आणि व्हाइस सरळ टेबलावर बांधावा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की छोटे मशीनच जर फारसे अचूक नसेल, तर त्यावर अचूक व्हाइस लावून काय साधणार? आक्षेप वाजवी वाटतो, पण मशीनच्या आणि व्हाइसच्या चुकांचा स्वभाव वेगळा आहे. कॉलम कललेला असेल तर शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालून तो एकदा सरळ करता येतो. टेबलाची ढिलाई गिब, म्हणजे सरकपट्टीतली समायोजनाची पट्टी, आवळून कमी होते. स्क्रूची बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई, एकाच दिशेने माप घेऊन टाळता येते. सरकता जबडा मात्र प्रत्येक जॉबला वेगळ्या प्रमाणात उचलला जातो, त्यामुळे ती चूक हिशेबात धरताच येत नाही. शिवाय मशीन बदलले तरी चांगला टूलमेकर व्हाइस पुढच्या मशीनवर, ड्रिलिंगला, अगदी टेबलावर मार्किंग करतानाही उपयोगी पडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्वस्त व्हाइस सुधारून घेता येतो. येतो, यात शंका नाही. व्हाइस टेबलावर बांधून त्याच मशीनवर स्थिर जबड्याच्या मऊ पट्ट्या हलक्या हाताने मिल केल्या, तर त्या टेबलाच्या चालीला समांतर होतात. बिडाचा बेड सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घेता येतो. सरकत्या जबड्याखालची पट्टी घासून ढिलाई कमी करता येते. मात्र हे करायला चांगले मोजमाप आणि सराव लागतो, आणि नवशिक्याकडे नेमके तेच नसते. ज्याला ही कामे येतात त्याने स्वस्त व्हाइस जरूर घ्यावा. ज्याला यायची आहेत, त्याच्या हाताशी आधी भरवशाचा एक काटकोन असावा लागतो. तिसरे म्हणणे असे की जॉब टेबलावरच क्लॅम्पने बांधला तर व्हाइस कशाला? मोठ्या, पातळ किंवा वेड्यावाकड्या ओतीव भागासाठी ते अगदी बरोबर आहे. तळहातावर मावणाऱ्या भागावर मात्र क्लॅम्प लावले की कटरला जागा उरत नाही, आणि घरचे बहुतांश काम अशाच भागांचे असते.

एका बाबतीत तडजोड नको. ड्रिल मशीनचा हलका व्हाइस मिलिंगला वापरू नये. ड्रिलिंगमध्ये जोर मुख्यतः खाली असतो, मिलिंगमध्ये तो आडवा असतो आणि वळणदार दातांचा एंड मिल जॉबला वरही ओढतो. ढिल्या जबड्यातून उचललेला जॉब कटर मोडतो आणि तुकडा अंगावर येऊ शकतो. फिटरचा बेंच व्हाइसही इथे चालत नाही. तो कानस आणि करवतीसाठी घट्ट धरायला बनवलेला असतो, त्याच्या जबड्यांचा काटकोन तपासून कोणी बनवत नाही.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात व्हाइस हातात घेऊन पाहता येतो, तेव्हा नुसत्या रंगावर आणि वजनावर जाऊ नये. बरोबर एक ग्राइंड केलेला ठोकळा आणि पातळ कागदाच्या चार पट्ट्या न्याव्यात. पट्ट्या ठोकळ्याच्या चार कोपऱ्यांखाली घालून व्हाइस आवळावा आणि एकेक पट्टी ओढून पाहावी. सरकत्या जबड्याकडच्या पट्ट्या सुटून आल्या तर जबडा उचलला जातो आहे. मग ठोकळा जबड्याच्या एका टोकाला पकडून पाहावा. ड्रॉवर एका बाजूने ओढला की तिरका होऊन अडकतो, तसा ढिला जबडा एका टोकाला तिरका होतो. घरी आणल्यावर व्हाइसच्या बेडवर आणि स्थिर जबड्यावर डायल फिरवावा. जबडा उभा तपासताना मात्र डायल मशीनच्या कॉलमवर चालतो, आणि कॉलमच कललेला असेल तर दोष व्हाइसच्या माथी येतो. म्हणून आधी खात्रीचा काटकोनी ठोकळा टेबलावर ठेवून कॉलम तपासावा आणि मगच व्हाइसबद्दल मत बनवावे.

एक्स-2सारख्या मशीनसाठी मी 70-75 मिमीचा टूलमेकर व्हाइस सुचवेन, आणि त्याहून मोठ्या टेबलासाठी 100 मिमीचा अँगल लॉक व्हाइस, स्विव्हल बेसशिवाय. पैसे कमी पडत असतील तर मशीनबरोबर घेतल्या जाणाऱ्या कटरच्या भल्यामोठ्या संचात कपात करावी. कटर झिजतात आणि गरजेप्रमाणे एकेक घेता येतात. वाचलेल्या पैशांतून पॅरलल पट्ट्यांची एक जोडी आणि एक डायल इंडिकेटर घ्यावा, कारण त्यांच्याशिवाय चांगल्या व्हाइसचीही अचूकता हाती लागत नाही. घरच्या वर्कशॉपमध्ये एक भाग आज होतो आणि त्याचा जोडीदार महिन्याने. दोघांना एकत्र आणणारी समान गोष्ट एकच असते, ती म्हणजे स्थिर जबडा. तो बरोबर असेल तर ते दोन भाग कानस न लावता एकमेकांत बसतात, आणि नसेल तर मशीन कितीही महागाचे असले तरी प्रत्येक जोडणी हाताने घासून जमवावी लागते.